अमेरिकेत शिखांची ओळख करून देताना: नव्या स्वयंसेवकांसाठी पहिल्या वर्षाची वाट

"पुढच्या महिन्यात गुरुद्वाऱ्यात ओपन हाऊस आहे, मदतीला येशील का?" असं एखाद्या शीख शेजाऱ्याने विचारलं (ओपन हाऊस म्हणजे बाहेरच्या लोकांना गुरुद्वारा दाखवायचा दिवस), तुम्ही पटकन हो म्हणालात, आणि घरी आल्यावर प्रश्न पडला की आपण तिथे नेमकं करायचं काय? हा लेख तुमच्यासाठी आहे. अमेरिकेत नुकत्याच आलेल्या, शीख नसलेल्या, पण या कामात हात द्यावासा वाटणाऱ्या मराठी माणसासाठी.

मी नांदेडची. आमच्याकडे निळा फेटा बांधलेले निहंग, म्हणजे शीख योद्धे, दसऱ्याची हल्लाबोल मिरवणूक, सचखंड गुरुद्वाऱ्यातला कडाप्रसाद हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. घरात मराठी बोलणारे शीख आमच्या वर्गात होते. पगडी बघून कुणाच्या मनात भीती येऊ शकते, हे मला कॅलिफोर्नियात आल्यावर कळलं. दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका वयस्कर सरदारजींना एक जण "आपल्या देशात परत जा" म्हणाला. ते तिथे तीसेक वर्षं राहत होते. त्यांनी शांतपणे सामान उचललं आणि निघून गेले. मी काही बोलले नाही. त्यानंतरच्या रविवारी मी गुरुद्वाऱ्यात गेले, ती आजतागायत जाते आहे.

ओळख का करून द्यावी लागते

आकडा सांगते, कारण तो तुम्हाला प्रत्येक बैठकीत लागेल. २०१५ साली नॅशनल सिख कॅम्पेन या संस्थेने केलेल्या पाहणीत ६० टक्के अमेरिकनांनी कबूल केलं की अमेरिकेतल्या शिखांविषयी आपल्याला काहीही माहीत नाही. इथली जनगणना धर्म विचारत नाही, त्यामुळे शिखांची नेमकी संख्या सरकारी कागदावर नाही. साधारण अंदाज पाच लाखांच्या आसपासचा धरतात.

या अज्ञानाची किंमत फार मोठी पडली आहे. ९/११ नंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालून मारलं गेलं. मारणाऱ्याने पगडी आणि दाढी पाहिली, एवढंच. ५ ऑगस्ट २०१२ च्या रविवारी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एक वर्णद्वेष्टा बंदूक घेऊन शिरला. बायका लंगरचा, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मोफत जेवणाचा, स्वयंपाक करत होत्या. सहा जण त्या दिवशी गेले. जबर जखमी झालेले बाबा पंजाबसिंग अंथरुणाला खिळून होते, ते २०२० साली वारले. त्या गुरुद्वाऱ्यात दाराच्या चौकटीवर गोळीची एक खूण तशीच राखून ठेवली आहे. तिच्याखाली 'आम्ही एक आहोत' अशा अर्थाचे शब्द आणि ती तारीख कोरलेली आहे.

पण या कामात नव्याने आलेल्याने सुरुवात या घटनांपासून करू नये. लोकांना शीख म्हणजे 'ज्यांच्यावर हल्ले होतात ते' एवढेच माहीत झाले, तर ती ओळख नव्हे. आधी माणसं भेटवायची, त्यांचं जगणं दाखवायचं. हल्ल्यांची गोष्ट मग ऐकणाऱ्याच्या मनाला आपोआप भिडते.

पहिले दोन-तीन महिने नुसतं जा

माईक हातात घ्यायच्या आधी लाटणं हातात घ्या. गुरुद्वाऱ्यात रविवारी दिवाण, म्हणजे कीर्तन-प्रार्थनेची सभा, भरतो आणि नंतर लंगर असतो. डोकं झाका, ओढणी, रुमाल काहीही चालतं. दाराशी टोपलीत रुमाल ठेवलेले असतात. चपला जोडाघरात ठेवा, हात धुवा. तंबाखू, सिगारेट, दारू यातलं काही खिशात असेल तर ते गाडीतच राहू द्या. दरबारात, म्हणजे मुख्य सभागृहात, गुरू ग्रंथसाहिबांसमोर माथा टेकून बाजूला जमिनीवर बसा. पाय ग्रंथसाहिबांकडे पसरू नका. आपल्याला देवळात प्रदक्षिणा घालून लगेच बाहेर पडायची सवय असते. इथे बसून कीर्तन ऐकायचं असतं. कडाप्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या.

मग स्वयंपाकघरात जा आणि विचारा, "सेवा काय करू?" तुम्हाला बहुधा कांदे सोलायला, पोळ्या लाटायला किंवा भांडी घासायला बसवतील. तिथेच खरं शिक्षण होतं. मी पहिले दोन महिने फक्त पोळ्यांना तूप लावत होते. शेजारी बसणाऱ्या बीबीजींनी मला किरत करणे, नाम जपणे, वंड छकणे या तीन गोष्टी पोळ्या शेकता शेकता समजावल्या: कष्टाने कमवा, नाम घ्या, वाटून खा. नंतर शाळांमध्ये मी जे काही सांगितलं, ते बहुतेक त्या तव्यापाशी शिकलेलं होतं.

या काळात एक गोष्ट ठरवून करा. गुरुद्वाऱ्याच्या समितीला भेटा आणि हे काम आधीपासून कोण करतंय ते विचारा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन तरुण मुलं-मुली शाळांना ईमेल पाठवत असतात, आणि त्यांना हवे असतात ते जास्तीचे हात. स्वतःची वेगळी मोहीम काढू नका. देशपातळीवर सिख कोअ‍ॅलिशन (२००१ पासून) आणि साल्डेफ (१९९६ पासून) या संस्था काम करतात, त्यांची शिक्षकांसाठीची आणि पोलिसांसाठीची सामग्री तयार आहे. ती वाचून काढा. चाक नव्याने शोधायची गरज नाही.

बोलायची वाक्यं आधी ठरवा

समोरचा माणूस तुम्हाला साधारण अर्धा मिनिट देतो. त्या अर्ध्या मिनिटाचा मजकूर लिहून, शीख मित्रांकडून तपासून, पाठ करून ठेवा. माझा असा आहे:

"शीख धर्माची सुरुवात पंजाबात गुरू नानक यांच्यापासून झाली. त्यांचा जन्म १४६९ चा. ईश्वर एक आहे, सगळी माणसं समान आहेत, आणि दुसऱ्याची सेवा हीच भक्ती, ही त्यांची शिकवण. अमेरिकेत पगडी बांधलेला जो माणूस तुम्हाला दिसतो, तो बहुतेक वेळा शीख असतो. पगडी म्हणजे त्याने जाहीरपणे दिलेला शब्द आहे, की मी अन्यायाच्या विरुद्ध उभा राहीन आणि अडल्यानडल्याच्या मदतीला येईन."

यात तारखांची यादी नाही, दहा गुरूंची नावं नाहीत. ती विचारली तर सांगा. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ उभा केला, केस, कंगवा, कडा, कच्छेरा (आतली चड्डी) आणि कृपाण (छोटी तलवार) ही पाच चिन्हं दिली. १७०८ साली नांदेडला देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं, म्हणून शिखांना त्यानंतर देहधारी गुरू नाही. एवढं तुमच्या गाठीशी असलं की सुरुवातीला पुरतं.

उच्चाराचं एक सांगायला हवं. अमेरिकन लोक 'सीक' असा दीर्घ उच्चार करतात. पंजाबी उच्चार ऱ्हस्व आहे, 'सिख्ख', शेवटी जोर देऊन. कुणी चुकलं तर टोकू नका, तुम्ही बोलताना बरोबर उच्चारत राहा. शब्दाचा अर्थ मात्र आवर्जून सांगा, कारण तो मराठी माणसाला चटकन कळतो: शीख म्हणजे शिष्य, शिकणारा.

आपल्याकडून हमखास होणाऱ्या चुका

इथे थोडं थांबते, कारण या चुका मराठी माणूस प्रेमापोटीच करतो.

पहिली चूक मी स्वतः केली. एका शाळेत मी सांगून बसले की शीख धर्म म्हणजे हिंदू धर्म आणि इस्लाम यांचा मेळ. लहानपणी असंच कुठेतरी वाचलं होतं. मागच्या बाकावर बसलेल्या शीख आजी नंतर हात धरून म्हणाल्या, "बेटा, आम्ही मिसळून तयार केलेली वस्तू नाही." गुरू नानकांची वाणी, त्यांचा स्वतःचा अनुभव, त्यांनी उभी केलेली संगत (एकत्र जमणारा समुदाय) आणि पंगत यातून तो धर्म आला. त्याच अंगाने 'शीख हे आपल्याच धर्माची शाखा' हे वाक्यही इथे टाळा. तुमच्या घरी तुम्ही काय मानता हा वेगळा विषय. शिखांची ओळख करून देताना शीख स्वतःला जसे ओळखतात तशीच ओळख द्यायची.

दुसरी चूक अधिक नाजूक आहे. "शीख म्हणजे मुसलमान नव्हेत" हे वाक्य. ते खरं आहे आणि तरीही बोलू नये. त्यातून समोरच्याच्या कानावर पडतं ते असं, की चुकीच्या माणसाला मारलं, मारायचा तर दुसराच होता. शीख वस्त्यांमधल्या जुन्या कार्यकर्त्यांनी हे वाक्य मुद्दाम सोडून दिलं आहे. एखाद्याने विचारलंच, "म्हणजे तुम्ही मुस्लिम का?", तर "नाही, मी शीख धर्माची ओळख करून द्यायला आले आहे, आणि कुणालाही धर्मावरून त्रास होऊ नये असं मला वाटतं" इतकं पुरे.

तिसरी, शिखांच्या वतीने 'आम्ही' म्हणणं. तुम्ही शीख नसाल तर 'माझे शीख मित्र सांगतात' असं म्हणा, आणि शक्य तिथे तुम्ही बोलूच नका, शेजारच्या शीख मुलीला बोलू द्या. आपलं काम टेबल लावणं, वेळ सांभाळणं, पाहुण्याला दारापासून आत नेणं. यात कमीपणा अजिबात नाही.

आणि एक गोष्ट जी मराठी माणूस बोलत नाही, पण बोलावी: संत नामदेव. गुरू ग्रंथसाहिबांत नामदेवांची ६१ पदं आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. पंढरपूरच्या एका शिंप्याची वाणी, कबीर, रविदास आणि शेख फरीद यांच्या वाणीच्या सोबत, शीख रोज माथ्यावर धरतात. कुणी अमेरिकन पाहुण्याने "तुम्ही शीख नसताना इथे कशा?" असं विचारलं, की मी हेच सांगते. गुरुद्वाऱ्यातल्या बुजुर्गांनाही महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या तोंडून 'भगत नामदेवजी' ऐकलं की फार बरं वाटतं.

शाळेत जाताना

सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच, आणि सगळ्यात जास्त तयारी लागते ती इथेच.

सरकारी शाळेत धर्माचा प्रचार चालत नाही, धर्माविषयी शिकवणं चालतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली शाळेतलं सक्तीचं बायबल वाचन घटनाबाह्य ठरवलं, त्याच निकालात धर्मांच्या तटस्थ अभ्यासाला हरकत नसल्याचंही म्हटलं. मुख्याध्यापकांना पाठवायच्या ईमेलमध्ये हा फरक तुम्हाला कळतो हे दिसलं पाहिजे: "आम्ही प्रार्थना करून घेणार नाही, कुणाला धर्माकडे वळवणार नाही; विद्यार्थ्यांना शेजाऱ्यांची माहिती देणार आहोत." टेक्सस, न्यू जर्सी अशा राज्यांच्या अभ्यासक्रमात शीख धर्माचा उल्लेख आहे. तुमच्या राज्याचा सामाजिक शास्त्राचा अभ्यासक्रम उघडून पाहा, उल्लेख असेल तर त्या इयत्तेच्या शिक्षकांना थेट लिहा. शिक्षकांना तो धडा शिकवायला मदतच हवी असते. एप्रिलमध्ये वैशाखी असते आणि नोव्हेंबरात सहसा गुरू नानक जयंती. कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ नोव्हेंबर हा शीख जाणीव-जागृतीचा महिना म्हणून ठराव करत आलं आहे. पत्र त्याच्या दोन महिने आधी जायला हवं.

चाळीस मिनिटांचा तास मिळाला, तर त्यातली पंधरा मिनिटंच तुम्ही बोला. दहा मिनिटं एखाद्या शीख काकांनी पगडी बांधून दाखवावी. साधारण पाच-सहा मीटर कापड हळूहळू डोक्यावर चढताना मुलं एकटक बघतात. उरलेला वेळ प्रश्नांना. लहान मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. झोपताना पगडी काढता का? (हो, बरेच जण झोपताना छोटा पटका बांधतात.) केस धुता का? केस किती लांब आहेत? पोहताना काय करता? या प्रश्नांना हसून, सरळ उत्तर द्या. मोठ्या मुलांपुढे इतिहास मांडा, आणि तो अमेरिकेचा इतिहास म्हणून मांडा. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये जमावाने हिंदुस्थानी लाकूडगिरणी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं, त्यात बहुतेक शीख होते. १९१२ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला अमेरिकेतला पहिला गुरुद्वारा उभा राहिला. भगतसिंग थिंद हे पगडी बांधून पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, आणि १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. १९५६ च्या निवडणुकीत दलीपसिंग सौंद अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले, तिथे पोहोचलेले ते पहिले आशियाई. हा सगळा प्रवास मुलांनी आपल्या शहराच्या नकाशावर बघितला की पगडी परकी राहत नाही.

वर्गात मराठी मुलं असतील तर विष्णू गणेश पिंगळे यांचं नावही घ्या. तळेगाव ढमढेऱ्याचा हा तरुण अमेरिकेत शिकायला आला आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठीच्या गदर चळवळीत सामील झाला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्या सोबत त्याला फाशी झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच चळवळीतले. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर मराठी आणि शीख माणसं शंभर वर्षांपूर्वी एका पंगतीला बसली होती.

आता शाळेतली सगळ्यात महत्त्वाची सूचना. त्या वर्गात शीख मूल असेल तर त्याला उभं करून "हा बघा शीख" असं कधीही करू नका. आधी आई-वडिलांना आणि त्या मुलाला स्वतंत्रपणे विचारा: तुला बोलायचंय का, की नुसतं बसायचंय, की त्या दिवशी तू वर्गात नसलेला बरा? तिन्ही उत्तरं चालतात. पटका ओढणं, 'टॉवेल' म्हणणं असा छळ अनेक शीख मुलं मुकाट सोसत असतात. तुमच्या भेटीने सगळ्यांची नजर त्याच्यावर गेली आणि तुम्ही निघून गेलात, तर दुसऱ्या दिवशीचं मधल्या सुट्टीतलं एकटेपण त्याच्या वाट्याला येतं. म्हणून भेट संपल्यावर आठवड्याभराने शिक्षकांना एक फोन करा: वर्गात नंतर काय झालं? या फोनला मी भाषणापेक्षा जास्त मानते.

ओपन हाऊस: पाहुणा दारात येतो तेव्हा

बाहेरच्या माणसाला सगळ्यात मोठी अडचण दारातच येते. आत गेलं तर चालेल का? चपला कुठे? डोक्याला काय? पैसे द्यायचे का? ही भीती दारातच घालवा. पार्किंगमध्ये एक जण उभा ठेवा, दाराशी दोघं. मोठ्या अक्षरात फलक लावा: सर्वांचं स्वागत आहे, चपला इथे, रुमाल इथे, जेवण सगळ्यांसाठी, पैसे लागत नाहीत. शेवटचं वाक्य तोंडीही सांगा, कारण अमेरिकन माणसाला फुकट जेवण म्हटलं की पुढे देणगीची थाळी येईल असं वाटत राहतं.

जमिनीवर बसता न येणाऱ्यांसाठी मागे किंवा कडेला खुर्च्या ठेवा. गुडघ्याचा त्रास असलेल्या पाहुण्याला कुणी टक लावून बघणार नाही हे बघा. दरबारात पडद्यावर शबदाचं, म्हणजे गायल्या जाणाऱ्या पदाचं, इंग्रजी भाषांतर दाखवायची सोय बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत आहे. त्या दिवशी ती नक्की चालू हवी. पाहुण्यांना दरबारात वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका, आणि माथा टेकणं त्यांच्या मनावर सोडा.

लंगरात तिखट बेताचं. आमच्या पहिल्या ओपन हाऊसला डाळ नेहमीच्या चवीची झाली, आणि अर्ध्या पाहुण्यांना पाण्यावर दिवस काढावा लागला. तेव्हापासून पाहुण्यांसाठी डाळीचं एक पातेलं वेगळं असतं. पदार्थांपुढे चिठ्ठ्या ठेवा: यात गहू आहे, यात दूध आहे, यात काजू आहेत. कडाप्रसाद गव्हाच्या पिठाचा आणि तुपाचा असतो. ज्याला गहू चालत नाही त्याला तो नाकारताना संकोच वाटू नये म्हणून आधीच सांगा, हात जोडले तरी चालतं.

पंगतीत मात्र तडजोड नको. महापौर आले, पोलीस प्रमुख आले, तरी त्यांच्यासाठी वेगळं टेबल मांडू नका. जेवणाआधी सगळ्यांना एका ओळीत बसवण्याची रीत गुरू अमरदासांच्या काळापासून चालत आली आहे, आणि पाहुण्याला शीख धर्माविषयी एकच गोष्ट आठवणार असेल तर ती हीच आठवते, की शहराचा महापौर आणि गॅरेजमधला मेकॅनिक शेजारी बसले आणि एका मुलाने दोघांच्या ताटात सारखीच पोळी टाकली. पाहुण्यांनाही वाढायला उभं करा. ज्याने पोळ्यांची टोपली घेऊन एक फेरी मारली, तो पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येतो.

पगडीचा स्टॉल

मेळ्यात किंवा वैशाखीच्या नगर कीर्तनात, म्हणजे रस्त्यावरून निघणाऱ्या धार्मिक मिरवणुकीत, पगडी बांधून देण्याचा स्टॉल फार गर्दी खेचतो. युबा सिटीत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारचं नगर कीर्तन १९८० पासून निघतं, तिथे गेलात तर काम कसं चालतं ते बघता येईल. बांधणारा शीखच असावा. तुम्ही कापड घडी घालून द्या, रांग लावा. कापड जमिनीला लागू देऊ नका. बांधण्यापूर्वी माणसाला विचारा, फोटो काढण्यापूर्वी पुन्हा विचारा, आणि बांधता बांधता पगडीचा अर्थ सांगितला गेला पाहिजे. नाहीतर ती जत्रेतली टोपी होते. पगडी काढताना ती कुठेही फेकू नये, घडी करून परत द्यावी, हेही सांगा.

पोलीस आणि कृपाण

पोलीस, अग्निशमन दल, इस्पितळं यांच्याशी भेट कुणी जाणत्या शिखासोबतच घ्या. तिथला मुख्य विषय कृपाण असतो. ती लपवायची वस्तू आहे असं तुमच्या बोलण्यातून जाणवू नये. अमृतधारी, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेले, शीख ती धर्मचिन्ह म्हणून अंगावर धारण करतात, दुबळ्याच्या रक्षणाची जबाबदारी म्हणून. कायदा राज्यागणिक वेगळा आहे, विमानाच्या केबिनमध्ये आणि अनेक सरकारी इमारतींत ती नेता येत नाही, त्यामुळे "सगळीकडे चालते" असं बेधडक सांगू नका. कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंगस्टनच्या शाळेतल्या मुलांच्या कृपाणीचा खटला अपील न्यायालयापर्यंत गेला होता. १९९५ साली बोथट पातं, म्यानात शिवून बंद, अशा अटींवर मुलांना ती धारण करता आली. असा तोडगा निघतो, हे शाळेच्या अधिकाऱ्यांना ठाऊक नसतं. इस्पितळात सांगायची गोष्ट साधी आहे: रुग्णाचे केस किंवा पगडी त्याला विचारल्याशिवाय काढू नका, आणि काढावीच लागली तर जमिनीवर ठेवू नका.

ह्यूस्टनजवळ हॅरिस काउंटीत संदीपसिंग धालीवाल हे पगडी आणि दाढीसह गणवेशात काम करणारे तिथले पहिले डेप्युटी होते. २०१९ साली कर्तव्यावर असताना त्यांना गोळी लागून मृत्यू आला, आणि सगळं शहर रस्त्यावर उतरलं. त्यांच्या नावाचं पोस्ट ऑफिस तिथे आहे. पोलिसांपुढे बोलताना हे उदाहरण त्यांना आपलं वाटतं.

अवघड प्रश्न

कुणीतरी खलिस्तानविषयी विचारेल. १९८४ विषयी विचारेल. भारतातून आलेल्या मराठी माणसाला हे प्रश्न आले की चटकन वाद घालावासा वाटतो. घालू नका. शिखांमध्ये राजकीय मतं अनेक आहेत, जशी कुठल्याही समाजात असतात. आज मी धर्माची आणि शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला आले आहे, एवढं सांगून पुढे जा. गुरुद्वाऱ्याच्या भिंतीवर तुम्हाला न पटणारं एखादं चित्र दिसेल. १९८४ साली ज्यांच्या घरातली माणसं गेली, अशी कुटुंबं तुमच्या शेजारी पोळ्या लाटत असतात. त्यांनी सांगितलं तर ऐका. त्या आठवणींवर पाहुण्यांसमोर मत देणं हे तुमचं काम नाही.

स्त्रियांविषयी प्रश्न आला, तर गुरू ग्रंथसाहिबांतल्या आसा दी वार या रचनेतली गुरू नानकांची ओळ सांगा: जिच्या पोटी राजे जन्मतात, तिला वाईट का म्हणायचं? आणि मग त्या बाबतीत आज प्रत्यक्षात काय आहे, हे एखाद्या कौरलाच, म्हणजे शीख बाईलाच, बोलू द्या. चांगलं आणि अपुरं, दोन्ही तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

वाईट बातमी आली तर

हे आधी ठरवून ठेवायचं असतं. एप्रिल २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या फेडएक्स केंद्रात आठ जण मारले गेले, त्यात चार शीख होते. त्या रात्री देशभरच्या गुरुद्वाऱ्यांत फोन वाजत होते. समितीकडे एक कागद असावा: पत्रकारांशी कोण बोलणार, पोलिसांचा संपर्क कुणाकडे, शेजारच्या चर्च, मशीद आणि सिनेगॉगचे नंबर, पंजाबीतून इंग्रजीत सांगणारं माणूस कोण. कुणावर हल्ला झाला, तर आधी ९११, मग डॉक्टर, मग तक्रार. तक्रारीत हल्लेखोराचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगा आणि हा द्वेषाचा गुन्हा म्हणून नोंदवा असा आग्रह धरा. एफबीआयने शिखांविरुद्धच्या गुन्ह्यांची वेगळी नोंद २०१५ पासून सुरू केली, ती ओक क्रीकनंतर समाजाने केलेल्या पाठपुराव्यामुळे. नोंदच झाली नाही तर तो रकाना रिकामा राहतो.

कुणाच्या घरी भेटायला गेलात तर फोटो काढू नका. नुसतं बसा.

पहिल्या दिवसाची पिशवी

पहिल्या शाळेच्या किंवा मेळ्याच्या दिवशी सोबत घ्या: स्वच्छ रुमाल आठ-दहा, एक न कापलेलं पगडीचं कापड, कंगवा आणि कडा दाखवायला, शबदाच्या दोन ओळींचं भाषांतर मोठ्या अक्षरात, गुरुद्वाऱ्याचा पत्ता आणि लंगरची वेळ लिहिलेली छोटी कार्डं, पाण्याची बाटली, आणि एक वही. वहीत दर वेळी तीन ओळी लिहा: कुणी काय विचारलं, कुठलं उत्तर पोहोचलं नाही, कुणाला आभाराचं पत्र पाठवायचं. ते पत्र दोन दिवसांत गेलं पाहिजे, आणि त्यात पुढच्या रविवारच्या लंगरचं आमंत्रण असलं पाहिजे. मी आजही शुक्रवारी रात्री ही पिशवी भरून दाराशी ठेवते, बीबीजींचा सकाळी सात वाजता फोन येतो, "निघालीस का? पीठ मळायचंय."